दार नसलेल्या घरातील गाणे

दिवाळीची झाडलोट सुरू झाली म्हणजे माळ्यावरून नाना वस्तू खाली उतरतात. तांब्यापितळेची भांडी चिंच लावून लखलखीत होतात, पाट-चौरंग धुऊन निघतात. परंतु कोपऱ्यात लाकडी कपाटाएवढा जुना रेडिओग्राम उभा असला, तर त्याचे काय करावे हे घरात कोणालाच उमगत नाही. भंगारवाला तो वजनावर नेतो. हौशी मनुष्य आतील सर्व यंत्र काढून नवे बसवितो आणि वरचे लाकूड तेवढे शोभेला ठेवतो. ह्या दोहोंहून वेगळी अशी तिसरी वाटही आहे. ती मी शनिशिंगणापुरी माझ्या मावशीच्या घरी चाललो. पण तिचे मर्म कळावयास आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

शिंगणापूर ज्या तालुक्यात येते, त्याच नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेवरील आपली टीका सांगितली. ते सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, असे परंपरा मानते. त्यामुळे शब्द राहिले. तो कंठ कसा होता, ओवी कोणत्या लयीत येत होती, हे मात्र कायमचे गेले. माणसाचा आवाज माणसामागे उरण्याची सोय पुढे जवळजवळ सहाशे वर्षे जगात कोठेच नव्हती. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ केला, दहा वर्षांनी बर्लिनरने चपटी तबकडी काढली आणि १९०२ साली गेसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास येऊन आपल्या गायक-गायिकांचे आवाज घेऊन गेला. प्रथम ह्या तबकड्या जर्मनीत छापून यावयाच्या. १९०८ साली कलकत्त्यासच कारखाना निघाला. गमतीची गोष्ट अशी की, ज्या लाखेपासून त्या बनत, ती लाख बहुतांशी आपल्याच रानांतून विलायतेस जात असे.

त्या काळी गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या कर्ण्यासमोर बसावयाचे. मध्ये वीज नाही की काही नाही. १९२५ साली विजेवरील ध्वनिमुद्रण आले आणि मिंड, हुंकार, तंबोऱ्याची आस तबकडीत उतरू लागली. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची उतारवयातली गाणी आज आपल्याला ऐकू येतात ती ह्या सुधारणेमुळे. १९४८ साली अमेरिकेत लाँग-प्ले तबकडी निघाली, दहा वर्षांनी स्टिरिओ आला आणि 'हाय-फाय' हा शब्द तिकडे घराघरांत शिरला. त्याचा अर्थ मूळ स्वराशी इमान. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या इतर देशांहून अधिक काळ निघत राहिल्या. म्हणून आपल्या जुन्या घरांत लाखेच्या आणि लाँग-प्लेच्या तबकड्या एकाच कपाटात सापडतात आणि दोन्ही वाजविणारा रेडिओग्रामही सापडतो.

मावशीच्या घरचा रेडिओग्राम असाच, १९६० च्या सुमाराचा. काका बाल गंधर्वांचे वेडे. त्यांच्या तबकड्या त्यांनी जिवापाड जपल्या. ते गेल्यावर यंत्र मुके झाले. माझा मावसभाऊ म्हणाला, "दादा, आतलं सगळं काढून टाकू. मोबाईलवरून गाणी लागतील असं करू." मावशी तांदूळ निवडीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाळा, ते नवं नको करू. बरं कर." आम्ही ते बरे करावयास घेतले.

पहिली गोष्ट, असे यंत्र एकदम विजेला जोडू नये. आतील व्हॉल्व्हना अडीचशे-तीनशे व्होल्ट लागतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो साठा राहतो. हे काम जाणकाराचेच. नगरच्या एका वृद्ध रेडिओ-मेकॅनिकांनी सिरीज दिवा लावून यंत्र हळूहळू जागे केले. घूं असा जो आवाज येत होता, तो वाळून गेलेल्या फिल्टर कंडेन्सरांचा. ते बदलले, व्हॉल्व्ह मात्र तेच ठेवले.

मग गती. रबरी चाक कडक झाले होते, वंगण चिकट झाले होते. ते सारे साफ केल्यावर आम्ही ७७ रेघांची कागदी चकती तबकडीवर ठेवली. आपल्या विजेवरचा निऑन दिवा सेकंदास शंभर वेळा उजळतो. त्या उजेडात रेघा स्थिर दिसल्या म्हणजे गती मिनिटास जवळजवळ बरोबर ७८ फेऱ्यांची झाली. दोन फेऱ्या अधिक झाल्या तरी गायकाचा षड्ज जवळजवळ पाव स्वराने, म्हणजे अर्ध्या पट्टीने, वर चढतो आणि ओळखीचा गळा परका वाटू लागतो. इमान म्हणतात ते येथपासून सुरू होते.

तिसरी गोष्ट सुई. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, लाँग-प्लेची तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. बारीक सुई रुंद खाचेत तळाशी जाऊन खरखरते. जाड सुई बारीक खाचेला कायमची ओरबाडते. येथे चूक सुधारता येत नाही, कारण दुसरी प्रत नसते. दोन्ही बाजूंस दोन सुया असलेले हलके पिकअप आम्ही नवे बसविले; खरी सुधारणा म्हणावी ती एवढीच. तबकड्या पुसावयास भाऊ स्पिरिट आणीत होता, त्यास थांबविले. स्पिरिटात लाख विरघळते. मऊ ब्रश आणि किंचित ओलसर फडके पुरते.

एवढे करूनही आवाज काहीसा पातळ वाटे. भावाचे मत पडले की, मोठा अँप्लिफायर आणावा. येथे मला शिंगणापुराची रीत आठवली. वाचकांना ठाऊकच आहे की, ह्या गावी साडेपाच फुटांची शिळा उघड्या चौथऱ्यावर, छपरावाचून उभी आहे आणि गावातील घरांना पूर्वापार चौकट असते, दार नसते. २०११ साली येथे बँकेची शाखा निघाली, तेव्हा कुलपावाचूनची बँक म्हणून तिची बातमी देशभर झाली. चोरीचे काय व्हावयाचे ते शनिदेव पाहतील. पण आवाजाचे काय होते ते १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या सॅबिन नावाच्या प्राध्यापकाने पाहून ठेवले आहे. एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिन रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून तो घुमारा मोजीत बसे. आवाज शोषण्याचे माप म्हणून त्याने घेतली ती उघडी खिडकी. कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

त्याच्या सूत्राने मी मावशीच्या खोलीचा हिशेब केला. बारा फूट लांब, तितकीच रुंद, दहा फूट उंच, गिलाव्याच्या भिंती. दार लावलेले असते तर रिकाम्या खोलीत आवाज पावणेदोन सेकंद रेंगाळला असता; उघड्या चौकटीमुळे तो सव्वा सेकंदाच्या आत विरतो. म्हणजे भरीवपणा किंचित कमी होतो, पण शब्द आणि हरकत अधिक स्वच्छ येते. बंद खोलीतील श्रोते ह्यासाठी भिंतींना पडदे लावतात. अँप्लिफायर आणावयाचे कारणच उरले नाही. आम्ही रेडिओग्राम चौकटीसमोरून हलवून आतल्या कोपऱ्याजवळ ठेवला. भिंतींच्या आधाराने खालचे स्वर भरून आले आणि खर्च एका पैचा नाही.

पुढे धुळीचा प्रश्न उरला. दार नसलेल्या घरात वारा शेतातली माती घेऊन येतो; म्हणून झाकणावर मावशीने जुन्या लुगड्याचे आवरण शिवले.

नरक चतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानानंतर, तिने स्वतः तबकडी निवडली. ओट्यावर शेजारच्या आजी आणि दोन मुले येऊन बसली. त्यांना बोलवावे लागले नाही. गाणे संपल्यावर भाऊ आवाज वाढवावयास उठला, तशी मावशी म्हणाली, "राहू दे. तुझे काका ह्याच्यावर कधी नेत नसत."

तुमच्याही माळ्यावर असे एखादे यंत्र असेल, तर आतील भाग फेकण्यापूर्वी एखाद्या जुन्या मेकॅनिकास दाखवा. गती, सुई आणि घरातील जागा ह्या तीन गोष्टी पाहून घ्या. तबकडीतला माणूस पुन्हा गावयास येणार नाही. यंत्र मात्र पुष्कळदा बरे होते.