मुलांचा शाळेचा डबा : काय आधी करून ठेवावे, काय सकाळीच करावे

बेळगाव : साडेसातला व्हॅनचा हॉर्न वाजतो, तेव्हा एका मुलाचे बूट सापडलेले नसतात आणि दुसऱ्याचा डबा भरायचा राहिलेला असतो. आईबाप दोघेही नोकरीला जाणारे असले की रोज हीच गडबड. मग कधी रात्रीच्या भाताला फोडणी, कधी ब्रेडला जॅम, तर कधी बिस्किटाचा पुडा. बेळगाव, निपाणी असो की गोवा, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद, मराठी घरातली ही सकाळ फारशी वेगळी नसते.

डबा सकाळी साडेसातला भरला जातो आणि साडेबारा-एकला उघडला जातो. मधल्या पाच तासांत तो दप्तरात, उन्हात, वर्गाच्या कोपऱ्यात पडून असतो. म्हणून डब्यात काय द्यायचे हे ठरवताना पदार्थ हे पाच तास टिकेल का, हे आधी पाहावे. साधा नियम असा : कोरडे आणि कच्चे आधी तयार ठेवावे, ओले आणि शिजवलेले सकाळीच करावे.

किती द्यायचे?

याला एक सरकारी माप आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या माध्यान्ह आहाराला २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात. कर्नाटकात ही योजना अक्षर दासोह नावाने ओळखली जाते. यात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एका जेवणाचे प्रमाण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे ठरवलेले आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरले जाते. घरून डबा नेणाऱ्या मुलासाठीही हाच अंदाज चालतो.

घरच्या भाषेत हिशेब असा बसतो. मध्यम आकाराच्या दोन पोळ्या म्हणजे साधारण ६० ग्रॅम पीठ, त्यातून सहाएक ग्रॅम प्रथिने मिळतात. २० ग्रॅम मुगाच्या उसळीतून साडेचार-पाच ग्रॅम आणि दोन चहाचे चमचे शेंगदाण्याच्या चटणीतून आणखी दोन ग्रॅम. झाले बारा. जॅम-ब्रेडमध्ये पोट भरते, पण हा हिशेब बसत नाही. बालवाडीच्या मुलाला याच्या निम्मे-पाऊण पुरते.

रविवारी करायची कामे

रविवारचा एक-दीड तास दिला तर आठवडा हलका जातो.

थालीपिठाची भाजणी : दोन वाट्या ज्वारी, एक-एक वाटी बाजरी, तांदूळ आणि हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी धने. सगळे वेगवेगळे भाजून, पूर्ण गार करून गिरणीतून जाडसर दळून आणावे. कोरड्या डब्यात महिनाभर आरामात टिकते.

भाजलेला रवा : अर्धा किलो रवा तेल न घालता मंद आचेवर दहा-बारा मिनिटे भाजून गार करून भरावा. सकाळी एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी, फोडणी, मूठभर मटार-गाजर घातले की दहा मिनिटांत सांजा तयार.

कोरड्या चटण्या : शेंगा चटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी हे तर या भागातले रोजचे खाणे. दोन वाट्या भाजलेले शेंगदाणे, आठ-दहा लसूण पाकळ्या, जिरे, मीठ आणि मुलांपुरते अगदी कमी तिखट घालून कुटावे. पाणी लागू दिले नाही तर पंधरा दिवस राहते. पोळीला तूप लावून त्यावर चटणी पसरून गुंडाळी केली की भाजीशिवायही डबा होतो.

इडलीचे पीठ : शनिवारी रात्री वाटून रविवारी आंबले की फ्रीजमध्ये ठेवावे. सोमवारी इडली, बुधवारी त्याच पिठाचे उत्तप्पे. चार दिवसांच्या पुढे ठेवू नये.

मोड आलेले मूग : रविवारी सकाळी भिजत घालावे, रात्री निथळून फडक्यात बांधावे. सोमवारी रात्रीपर्यंत मोड येतात. मग फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. मुलांना कच्चे देऊ नयेत, चांगले शिजवूनच द्यावेत.

रात्री करायची कामे

जेवणानंतरची पंधरा मिनिटे पुरतात. कणीक मळून, वरून तेलाचा हात फिरवून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजला टाकावी. दुसऱ्या दिवशी सकाळी वापरून संपवावी, जास्त ठेवली की काळी पडते. भाजी चिरून ठेवावी. मेथी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळावी, धुवायची ती सकाळी. डबा, चमचा, पाण्याची बाटली, रुमाल एका जागी काढून ठेवावे. ही कामे शिकायला लागत नाहीत, त्यामुळे बाबांनाही जमतात आणि सात-आठ वर्षांच्या मुलालाही थोडीफार जमतात.

रात्रीच्या भाताचे काय?

घरोघरी होणारी चूक इथेच आहे. रात्री उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी देऊन डब्यात भरायचा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष फोडणीने किंवा गरम करण्याने जात नाही. असा भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात आणि लहान मुलाच्या अंगातले पाणी लवकर कमी होते. वास आणि चव ठीक आहे म्हणून भात चांगलाच आहे, असे समजू नये.

उरलेला भात वापरायचाच असेल तर जेवण झाल्या झाल्या परातीत पसरून गार करावा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा, सकाळी वाफा येईपर्यंत गरम करावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात डब्यात देऊच नये. नाहीतर सकाळी कुकरला ताजा भात लावून त्यात लिंबू, शेंगदाण्याचे कूट आणि फोडणी घालून चित्रान्न करणे उत्तम. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावे, म्हणजे कडवट होत नाही.

दोन प्रकारचे डबे

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिले की जिवाणू वेगाने वाढतात. म्हणून भात, वरण, उसळ, अंडे असे ओले पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत, असे सांगितले जाते. शाळेत पाच तास जातात. त्यामुळे असे पदार्थ गरम राहणाऱ्या थर्मासच्या डब्यातच द्यावेत. डब्यात आधी उकळते पाणी भरून पाच-दहा मिनिटे ठेवावे, ते ओतून टाकून लगेच वाफाळता पदार्थ गळ्यापर्यंत भरावा. अर्धवट भरलेला डबा लवकर गार होतो.

पोळी, थालीपीठ, धपाटे, थेपले यांचे उलटे. हे गरम असताना साध्या स्टीलच्या डब्यात झाकले की वाफेचे पाणी सुटते, पोळी लिबलिबीत होते आणि लवकर खराबही होते. फडक्यावर किंवा जाळीवर पाच-सात मिनिटे ठेवून मग झाकण लावावे.

आपल्या माणसांची प्रवासाची शिदोरी इथे कामाला येते. पाण्याऐवजी दुधात पीठ मळून केलेली दशमी दुपारपर्यंत मऊ राहते. मराठवाडा-हैदराबादकडचे ज्वारीचे धपाटे, वडोदऱ्याच्या मराठी घरांत रुळलेले मेथीचे थेपले हे त्याच कामाचे. गोव्यात पोई द्यायची तर पातळभाजीऐवजी सुकी भाजी बरी. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात उन्हाळ्यात डब्यात नकोत. दही मूल घरी आल्यावर द्यावे.

आठवड्याचा साधा तक्ता

सोमवार : इडली आणि तुपात कालवलेली कोरडी चटणी
मंगळवार : मुगाची उसळ थर्मासमध्ये, पोळी वेगळी
बुधवार : गाजर-कांद्याचा उत्तप्पा, तुकडे करून
गुरुवार : मेथीचे थेपले किंवा दशमी, शेंगा चटणी
शुक्रवार : चित्रान्न किंवा मसालेभात थर्मासमध्ये
शनिवार : अर्धी शाळा असेल तर सांजा किंवा पोहे
सोबत रोज एक फळ : केळे, पेरू, चिकू, जे हंगामात असेल ते

थालीपीठ तक्त्यात नाही, कारण ते अडल्या दिवसासाठी राखून ठेवायचे. भाजणीत कांदा-कोथिंबीर घालून दहा मिनिटांत होते. आठवड्यातून एकदा त्यात नाचणीचे पीठ मिसळावे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते.

लहानांसाठी खबरदारी

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे डब्यात देऊ नयेत, घशात अडकतात. शेंगदाण्याचे कूट चालते, द्राक्षे उभी चिरून द्यावीत. शेंगदाण्याची किंवा इतर कशाची ॲलर्जी असलेले मूल वर्गात असेल तर शाळेचा नियम विचारून घ्यावा.

नवा डबा आणला की मुलाला घरीच तो दोन-चार वेळा उघडायला लावावे. बरेच डबे झाकण उघडता न आल्याने तसेच परत येतात. बालवाडीच्या मुलाला पोळीचे तुकडे किंवा गुंडाळी करून द्यावी, कारण सुट्टी छोटी असते आणि मुलाचे लक्ष खेळाकडे असते.

डबा उरून आला तर रागावण्याआधी काय उरले ते बघावे. रोज भाजी उरत असेल तर ती कणकेत मिसळून पराठा करावा. सगळेच अर्धे उरत असेल तर बहुतेक वेळा डबाच मोठा झालेला असतो. उरलेले ओले अन्न मात्र संध्याकाळी गरम करून परत देऊ नये, ते टाकूनच द्यावे.