मधमाश्या कमी झाल्या, पण केव्हापासून?

बारामतीहून फलटणकडे जाताना निरा नदी ओलांडण्यापूर्वी सांगवी लागते. आजूबाजूला ऊसच ऊस. या भागात मधमाशीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "आमच्या आजोबांच्या वेळी बांधावरच्या चिंचेला पोळी असायची, आता दिसत नाहीत." पाठोपाठ कारणेही येतात. कोणी फवारणीला दोष देतो, कोणी उसाला, तर मुले हमखास मोबाईलच्या टॉवरचे नाव घेतात. आम्हाला वाटते, हा प्रश्न जीवशास्त्राच्या तासाइतकाच इतिहासाच्या तासाचाही आहे. कारण हे परिणामाच्या आधी घडलेले असले पाहिजे, एवढी एकच कसोटी हाती घेऊन आपण या कारणांकडे पाहू.

त्याआधी एक खुलासा. 'मधमाशी' म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या निरनिराळ्या जाती आहेत. उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे पोळे लटकवणारी आग्या माशी ऋतूप्रमाणे मुक्काम हलवते. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी ती फुलोरी. ढोलीत, भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी; तिला पेटीत पाळता येते. चौथी युरोपीय माशी, मेलिफेरा. ती १९६० च्या दशकात उत्तर भारतात यशस्वीपणे रुजवली गेली आणि नंतर सर्वत्र पसरली. आजोबांच्या चिंचेवरची माशी बहुधा आग्या असणार. पेटीत मेलेली माशी सातेरी असेल, तर दोघींचे कारण एकच असेल असे मानता येत नाही.

आता उसाकडे वळू. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर निरा डावा कालवा झाला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी बारामतीच्या शिवारात आले. सुरुवातीला शेतकरी हे पाणी घ्यायला फारसे उत्सुक नव्हते. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी कशाला भरायची, असा त्यांचा हिशेब असे. पुढे ऊस वाढला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. मधमाशीच्या दृष्टीने ऊस म्हणजे हिरवे वाळवंट. त्याला तुरा येतो, पण तो वाऱ्यावर परागण होणारा, त्यात मकरंद नाही. ऊस येण्यापूर्वीच्या जिरायतीत ज्वारी-बाजरीचा पराग मिळे, ज्वारीत करडईच्या ओळी असत, तूर आणि धने असत.

म्हणजे ऊस हेच कारण ठरले का? इथे तारखा आडव्या येतात. आज सत्तर-ऐंशी वर्षांचे असलेले आजोबा ज्या पोळ्यांची आठवण सांगतात, ती १९५०-६० च्या आसपासची. तेव्हा कालव्याला पाऊणशे वर्षे होत आली होती. ऊस होता आणि पोळीही होती. मग त्यानंतर काय बदलले, हे विचारायला हवे. उसाचे क्षेत्र वाढले हे खरेच. पण आमच्या मते अधिक महत्त्वाचा बदल बांधावर झाला. कडुनिंब, करंज, बाभूळ, चिंच, जांभूळ ही झाडे तुटली, बांध अरुंद झाले आणि तणनाशकाने त्यांवरची रानफुलेही गेली. एका पिकाच्या समुद्रात मधमाशीला वर्षभर तगवणारी ही बेटेच होती.

टॉवरची गोष्ट तारखांनी लवकर निकालात निघते, निदान एका मोठ्या घटनेपुरती. १९७६ मध्ये थायलंडमध्ये सातेरीच्या अळ्यांना विषाणूचा एक रोग झाल्याचे आढळले. रोगट अळी कोषावस्थेत जाऊच शकत नाही. पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन घरकुलात मरते. म्हणून त्याला थाई सॅकब्रूड, म्हणजे पिशवीचा रोग, म्हणतात. १९७८ मध्ये तो ईशान्य भारतात दिसला आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेत पोहोचला. कर्नाटक, केरळ, तामिळनाडूत सातेरीच्या सुमारे नव्वद टक्के पाळीव वसाहती गेल्याची नोंद आहे. पिढ्यान्पिढ्या पेट्या सांभाळणारी घरे रिकाम्या पेट्या घेऊन बसली. भारतात पहिला मोबाईल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ ला. तेव्हा या संहाराचा आरोप टॉवरवर ठेवता येणार नाही. या रोगावर औषध नव्हते आणि आजही नाही. तग धरलेल्या थोड्या वसाहतींपासूनच पुढे सातेरी सावरली. नैसर्गिक निवडीचे उदाहरण वर्गात द्यायचे तर जिराफाच्या मानेपेक्षा हे जवळचे आहे.

परदेशातही एकच खलनायक सापडलेला नाही. १९०६ च्या सुमारास इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर मधमाश्या मोठ्या संख्येने मेल्या, तेव्हा आजची कीटकनाशके नव्हतीच. २००६ मध्ये अमेरिकेतल्या पेट्यांमधून कामकरी माश्या अचानक नाहीशा होऊ लागल्या. राणी आणि अळ्या मागे, पण मेलेल्या माश्या कुठेच नाहीत. व्हॅरोआ हा गोचीडवर्गीय परजीवी, विषाणू, कुपोषण आणि कीटकनाशके या सर्वांकडे संशोधकांनी बोट दाखवले. व्हॅरोआ मूळचा आपल्या सातेरीचा. ती त्याला साफ करून बऱ्यापैकी काबूत ठेवते. मेलिफेराला ते जमत नाही.

फवारणीचा पुरावा मात्र भक्कम आहे. बीएचसी, डीडीटीचा काळ गेला आणि १९९० च्या दशकापासून इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड गटाची औषधे आली. ती पिकाच्या अंगात भिनतात, परागात आणि मकरंदात उतरतात. अल्प मात्रेत माशी लगेच मरत नाही, पण घरी परतण्याची वाट चुकते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातील तीन औषधांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. आपल्याकडे भर दुपारी फुलोऱ्यावर फवारणी होते, तेव्हा त्यावर चरणाऱ्या माश्याही न्हाऊन निघतात. सायंकाळी फवारले तरी बराच फरक पडतो.

याचा जाच कांद्याचे बी घेणाऱ्याला आधी कळतो. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे माशी आली नाही तर गोंडा भरत नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने शेतकऱ्यांपर्यंत मधपेट्या नेण्याचे काम हाती घेतले आहे. पूर्वी फुकट येणारी माशी आता पेटीतून आणावी लागते, हीच या बदलाची सर्वात स्पष्ट नोंद म्हणावी लागेल. पेट्या मोजता येतात; चिंचेवरच्या पोळ्यांचा हिशेब कोण ठेवणार? एखाद्या शाळेने फेब्रुवारीत कांद्याच्या दहा गोंड्यांवर पंधरा मिनिटांत किती माश्या आल्या, हे दर वर्षी वहीत लिहून ठेवले, तर वीस वर्षांनी आठवणींवर विसंबावे लागणार नाही. माश्या जातवार मोजल्या तर उत्तमच.

उन्हाळ्यात मधमाश्या पाहायच्या असतील तर रसवंतीवर जावे. उसाच्या तुऱ्याला कधी न विचारणाऱ्या माश्या चिपाडांवर आणि रसाच्या भांड्याभोवती घोंगावताना दिसतात, काही त्यात बुडूनही मरतात. रसात साखर भरपूर असते, पण अळ्या वाढवायला लागणारी प्रथिने परागातूनच मिळतात, आणि तो रसवंतीवर मिळत नाही.