इमॅजिकाला सहकुटुंब जायचंय? आधी कॅलेंडर बघा

खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 पासून सुरू आहे. मुलांना सुट्टी मे महिन्यात असते, पण तेव्हा रांगेत ऊन भाजून काढतं; शिवाय 2026 आणि 2027 ची बकरी ईदही मेमध्येच. पावसाळ्यात खोपोलीला धो-धो पाऊस पडतो, अन् जोर वाढला की उघड्यावरच्या राइड थांबतात. पाच-सहा जणांची तिकिटं काढून आडोशाला उभं राहणं परवडतं का? त्यापेक्षा डिसेंबरचा पहिला पंधरवडा बरा, तोही मधल्या वारी. शाळा एक दिवस बुडेल, बुडू द्या. नाताळचा आठवडा मात्र टाळाच. रमजान दरवर्षी 10-11 दिवस आधी येतो. 2030 मध्ये तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर असेल. तोवर हा पंधरवडा मोकळा आहे.