फुरशाचा भाव

राजापूर तालुक्यातलं नाटे हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. एका अंगाला जांभ्या दगडाचा यशवंतगड, दुसऱ्या अंगाला मुसाकाजीचं बंदर, वर उघडा सडा आणि उतारावर आंबा-काजूच्या बागा. बाग आली की गडगा आला, गडगा आला की दगडांतल्या फटी आल्या आणि फटी आल्या की फुरसं आलंच. जेमतेम हातभर लांबीचं हे जनावर दिवसा दगडाखाली पडून राहतं आणि रात्री बाहेर निघतं. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून असा आवाज काढतं, की तापल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडलंय असं वाटावं.

इंग्रजी अमलात याच फुरशाला सरकारी भाव होता. मेलेलं फुरसं आणून दाखवायचं आणि बक्षीस घेऊन जायचं. मुलकी सेवेतले जी. डब्ल्यू. व्हिडाल हे अधिकारी हौशी निसर्ग-अभ्यासक होते. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी त्यांनी केली आणि 1890 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फुरशाच्या घातकपणाचा हिशेबही मांडला. बक्षिसाच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात सहा वर्षं दरसाल सरासरी 2,25,721 फुरशी मारली गेली, हा आकडा त्यांचाच.

तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा मुलूख पोटात घेऊन होता. 1872 च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर भरली. म्हणजे तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे धरले, तरी दर चार-पाच माणसांमागे वर्षाला एक फुरसं सरकारजमा होत होतं.

सापांवरच्या इनामाची गोष्ट जगभर प्रसिद्ध आहे, पण ती रत्नागिरीची नव्हे. दिल्लीत म्हणे नाग फार झाले, साहेबाने मेलेल्या नागामागे पैसे लावले आणि लोकांनी घरोघर नाग पाळायला सुरुवात केली. साहेबाला सुगावा लागताच इनाम बंद झालं, पाळलेले नाग लोकांनी सोडून दिले आणि दिल्लीत पहिल्यापेक्षा जास्त नाग झाले. होर्स्ट झीबर्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने 2001 मध्ये आपल्या पुस्तकाला याच कथेवरून नाव दिलं आणि ती अर्थशास्त्राच्या वर्गांत पोचली. मात्र हे कोणत्या वर्षी घडलं, साहेब कोण, एका नागाला किती पैसे, यातलं काही सांगणाऱ्याकडून कळत नाही. उंदरांच्या बाबतीत असा प्रकार खरोखर घडल्याची नोंद आहे, ती फ्रेंचांच्या हनोईतली. तिथे 1902 मध्ये उंदराच्या शेपटीमागे इनाम लागलं. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर हिंडताना दिसू लागले आणि शहराबाहेर उंदीर पाळण्याचा धंदाही उघडकीला आला.

कोकणात तसं करायची गरजच काय होती? फुरसं पाळायचं म्हणजे त्याला बेडूक, विंचू, गोम पुरवायचे, वर स्वतःचा हात सांभाळायचा आणि एवढं करून हाती चिल्लर. त्यापेक्षा सड्यावरचे दगड उलटणं सोपं. शिवाय त्याची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. पुरवठ्याची चिंता निसर्गानेच मिटवलेली होती.

गंमत अशी, की सरकारदप्तरी फुरशाचे आकडे भरले आणि अंगणातल्या गप्पा मात्र रंगल्या त्या निरुपद्रवी सापांभोवती. धामण गाईच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही त्यातली नामांकित कथा. सापाचे दात आत वळलेले असतात आणि त्याच्या तोंडाला चोखणं जमत नाही. धामण गोठ्यात शिरते ती उंदरांसाठी. पण गाय आटली की गवळ्याला कुणीतरी आरोपी लागतोच. हरणटोळ झाडावरून झेपावून नेमका माणसाच्या टाळूवर चावतो, असं बागेतल्या गड्यांना पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. हा हिरवा, टोकदार तोंडाचा साप सरडे आणि बेडूक खाऊन जगतो, त्याचं विष सौम्य असतं आणि माणसाच्या डोक्याशी त्याला काही कर्तव्य नसतं.

फुरशाच्या नावावरही एक ख्याती आहे, ती त्याच्या लांब उडीची. प्रत्यक्षात ते तिरकं सरपटतं आणि बसल्या जागेवरून झटक्यात दंश करतं. खरा मान मिळाला तो त्यावर उतारा देणाऱ्यांना. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. माणूस दगावला तरी बहुधा काही दिवसांनी दगावतो आणि पुष्कळसे तर विष कमी भिनल्याने आपसूक बरे होतात. मधल्या दिवसांत ज्याने पाला वाटून दिला किंवा मंत्र टाकला, त्याचं नाव पंचक्रोशीत झालं. प्रतिविष हाच खरा उपाय. भारतात ते ज्या चार सापांच्या विषापासून तयार होतं, त्यात नाग, मण्यार आणि घोणस यांच्या रांगेत फुरसं आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप मारून सरकारकडे बक्षीस मागणं दूरच, मारणाराच गुन्हेगार ठरतो. सापाला भाव मात्र अजून आहे, फक्त तो आता चोरबाजारात आणि तोही मांडुळाला. हा बिनविषारी साप मातीत राहतो, त्याची शेपटी तोंडासारखीच बोथट असते. त्यावरून तो सहा महिने एका बाजूने आणि सहा महिने दुसऱ्या बाजूने चालतो, अशी कथा निघाली. पुढे त्याच्याकडून गुप्तधन सापडतं, पैशांचा पाऊस पडतो, अशी भर पडली. वजन जास्त तितकी किंमत जास्त, असा हिशेब मांडून लाखांचे सौदे ठरतात आणि महाराष्ट्रात पोलीस व वनखातं मांडूळ विकायला आलेल्यांना पुन्हा पुन्हा पकडतं. त्या सौद्यांत मांडूळ विकणारे सापडतात, गुप्तधन सापडलेला मात्र अजून कुणी पुढे आलेला नाही.