दोन भाषा, एक पान

भवानी पेठेतून बोलतोय. मागे पॉवरलूमची खडखड ऐकू आली तर सांभाळून घ्या.

परवा धाकटी बहीण म्हणाली, "दादा, मला इंग्रजी जमणारच नाही." अकरावी सायन्सला आहे. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठीत झाली आणि आता सगळं इंग्रजीत. मी तिचा मोबाईल बघितला. नोट्सचं स्कॅन केलेलं पीडीएफ. झूम केलं की अर्धी ओळ स्क्रीनबाहेर. उजवीकडे सरकवायचं, परत डावीकडे येऊन पुढची ओळ शोधायची. तोवर वाक्याचा कर्ता कोण होता हेच विसरतं. सराईत माणूस पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतो, शिकणाऱ्याकडे ती सोय नसते.

मला 'दर्पण' आठवलं. ६ जानेवारी १८३२, मुंबई. बाळशास्त्री जांभेकरांचं पहिलं मराठी वृत्तपत्र, एवढं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण पान कसं होतं? उभे दोन स्तंभ, एकात इंग्रजी, शेजारी मराठी. राज्यकर्त्यांना मजकूर कळावा हे कारण होतंच, पण आपल्या लोकांनी इंग्रजी विद्येकडे वळावं हाही हेतू होता. अडलं की पान उलटायचं नाही, नजर फक्त बाजूला न्यायची!

तेव्हा रोजचे कागद मोडीत असायचे. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. कारकुनाचं काही अडत नसे, कारण भाषा त्याचीच होती. परकी भाषा अशी सलग लिहून त्याच्यापुढे ठेवली असती तर? मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना देतात, तेही त्याच शतकात.

आज वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांच्या सगळ्यात कडक पातळीवर ओळ ८० अक्षरांपेक्षा लांब नको आणि ओळींत दीडपट अंतर हवं असं सांगितलंय. मी अ‍ॅप बनवतो, पण हे स्वतः कितीदा पाळलं ते विचारू नका.

मोबाईलवर दोन स्तंभ मावत नाहीत. म्हणून तिचा एक धडा टाईप केला, छोटे परिच्छेद पाडले आणि प्रत्येकाखाली मराठी लपवून ठेवलं, बोट लावलं की दिसेल असं. पहिल्या दिवशी तिने प्रत्येक परिच्छेदाला बोट लावलं. काल फक्त चारदा. वर मलाच विचारते, "फिजिक्सचं कधी करतोस?"