ओक रिजचा सत्तर किलोंचा माणूस आणि वऱ्हाडातला रुग्ण

चांदूर बाजारच्या संत्राबागेत राबणारा पन्नास-बावन्न किलोंचा शेतमजूर अमरावतीला पोटाचा सीटी स्कॅन करून घेतो. त्याच्या यकृताला किती किरणोत्सर्ग मिळाला? यंत्राच्या पडद्यावर एक आकडा उमटतो खरा, पण तो त्याच्या यकृताचा नसतो. पोटाच्या स्कॅनसाठी तो ३२ सेंटिमीटर व्यासाच्या ॲक्रिलिकच्या भरीव दंडगोलात केलेल्या मोजणीवर आधारलेला असतो.

जिवंत माणसाच्या यकृतात मापक बसवता येत नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर बराच काळ मात्रेचा अंदाज कातडी किती लाल झाली यावरून बांधला जाई. आतल्या अवयवांचा हिशेब करायचा, तर माणसाऐवजी माणसाचे गणित हवे होते.

ते अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत उभे राहिले. वॉल्टर स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये निव्वळ समीकरणांचा देह प्रसिद्ध केला. त्याचे धड म्हणजे ४० सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड आणि ७० सेंटिमीटर उंच असा लंबवर्तुळाकार दंडगोल. वृषण आणि गर्भाशय दोन्ही त्याच एका देहात. अर्धनारीनटेश्वराची आठवण यावी असे हे रूप. संगणकावर या देहात एकेक फोटॉन सोडायचा, तो कुठे आदळेल आणि किती ऊर्जा टाकेल हे फासे टाकल्यासारखे यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचे, आणि हा खेळ हजारो-लाखो वेळा करायचा. अवयवात साठलेल्या ऊर्जेला अवयवाच्या वस्तुमानाने भागले की मात्रा मिळते. ही ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत लॉस अलामोसच्या अण्वस्त्र-संशोधनात जन्मली होती. ओक रिजचा देह मुळात शरीरात दिलेल्या किरणोत्सारी औषधांच्या हिशेबासाठी घडवला गेला. पुढे एक्स-रे आणि सीटीची गणितेही त्याच्यावर झाली.

पण हा माणूस होता कोण? आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९७५ मध्ये त्याची ओळख स्पष्टच लिहिली: वय वीस ते तीस, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर, गौरवर्णीय, राहणीने पश्चिम युरोपीय किंवा उत्तर अमेरिकी, आणि राहतो तो १० ते २० अंश तापमानाच्या प्रदेशात. वऱ्हाडातल्या मे महिन्याशी त्याची गाठ पडण्याचे कारणच नव्हते.

मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातील एच. एस. डांग आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘संदर्भ भारतीय पुरुषा’चा प्रस्ताव मांडला. त्याचे वजन ५० ते ५५ किलोंच्या दरम्यान होते. या कामाचा रोख प्रामुख्याने शरीरात गेलेल्या किरणोत्सारी द्रव्यांकडे होता, रुग्णालयातल्या स्कॅनकडे नव्हे. तरी अवयवांचा हिशेब इथल्या देहावरून करायचा हा विचार त्यात होता, आणि तोच मोलाचा.

कारण कृश देहात आतल्या अवयवांवर चरबी-स्नायूंचे आवरण कमी, म्हणून तेवढ्याच किरणांत त्यांना मात्रा अधिक. अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये देहाच्या आकारानुसार दुरुस्तीचे कोष्टक दिले. पोटाचा सरासरी व्यास २४ सेंटिमीटर असेल, तर पडद्यावरच्या आकड्याला सुमारे दीडने गुणावे लागते: पडद्यावर १० मिलिग्रे, तर देहात अंदाजे १५. एका स्कॅनचा धोका अल्पच असतो, पण दीडपटीची चूक दर स्कॅनगणिक होते.

समीकरणांच्या देहाची जागा आता खऱ्या माणसांच्या स्कॅनवरून घडवलेल्या देहांनी घेतली आहे. आयोगाने २००९ मध्ये स्वीकारलेला पुरुष जर्मनीत तयार झालेल्या प्रतिमानावर बेतलेला आहे. त्याची उंची १७६ सेंटिमीटर आणि वजन ७३ किलो.