कल्ल्याच्या पेशींची साक्ष

नदीकाठी मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आपण वर्षातून एकदोनदा तरी वाचतो. मग पाण्याचे नमुने तपासायला जातात, अहवाल येतो किंवा येत नाही. पण एखादे रसायन पाण्यात जाण्याआधीच ते माशाला किती घातक आहे, हे ठरवायचे कसे? जुने उत्तर सरळ होते. मासे टाकीत सोडायचे, रसायन घालायचे आणि किती मेले ते मोजायचे. या उत्तराला पर्याय कसा सापडला, ती गोष्ट आज सांगणार आहे. गंमत अशी की, तिची सुरुवात विषापासून नव्हे, तर आजारी माशांपासून झाली.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ट्राउट माशांच्या बीजकेंद्रांत एका रोगाने थैमान घातले होते. इवली पिल्ले मळसूत्रासारख्या गिरक्या घेत आणि पटापट मरत. संशय विषाणूचा होता. पण विषाणू वाढतो तो जिवंत पेशीतच. माणसाच्या आणि माकडाच्या पेशी काचेत वाढवण्याचे तंत्र तोवर रुळले होते. पोलिओची लस त्यातूनच आली. माशांच्या पेशींकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष होते. वेस्ट व्हर्जिनियातल्या लीटाउन येथे माशांच्या रोगांवर काम करणारे केन वुल्फ यांनी १९६०मध्ये हा विषाणू माशाच्या पेशींत वाढवून दाखवला.

ऊतकातून सुट्या केलेल्या पेशी सहसा काही काळ वाढतात आणि थकतात. वुल्फ आणि त्यांचे सहकारी क्विम्बी यांनी रेनबो ट्राउटच्या जननग्रंथींतून घेतलेल्या पेशी मात्र थकल्या नाहीत. पिढ्यांमागून पिढ्या विभागत राहिल्या. १९६२मध्ये त्यांनी ही पेशीमालिका जाहीर केली. नाव आरटीजी-२. मासा शीतरक्ताचा, त्यामुळे या पेशींना सदतीस अंशांची ऊब लागत नव्हती. थंडीतही त्या तग धरत.

आपल्याकडेही वाट रोगांवरूनच गेली. तमिळनाडूतल्या मेलविशारमच्या एका महाविद्यालयात साहुल हमीद आणि सहकाऱ्यांनी समुद्री माशाची देशातली पहिली पेशीमालिका तयार केली आणि २००६मध्ये तिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या पेशी आल्या होत्या सीबासच्या मूत्रपिंडातून. सीबास म्हणजे रायगडकरांचा लाडका जिताडा! लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत आज अशा पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे.

आता विषाकडे वळू. माशांवरच्या प्रमाणित चाचणीत रसायनाच्या पाच मात्रा, प्रत्येकीला किमान सात मासे, आणि तुलनेसाठी साध्या पाण्यातले सात. म्हणजे एका रसायनामागे किमान बेचाळीस मासे. ते शहाण्णव तास पाण्यात ठेवायचे आणि निम्मे मासे कोणत्या मात्रेला मरतात ते काढायचे. रसायने हजारोंनी. तुम्हीच हिशेब करा.

पाण्यातले विष माशाला आधी गाठते ते कल्ल्यांपाशी. म्हणून कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात नील्स बोल्स यांच्या गटाने ट्राउटच्या कल्ल्यांतून पेशीमालिका काढली आणि १९९४मध्ये जाहीर केली. पण या कामात एक अडचण वर्षानुवर्षे छळत होती. कोणते रसायन जास्त विषारी आणि कोणते कमी, हा क्रम पेशी बरोबर सांगत. पण मेलेल्या माशांच्या मानाने त्या फारच निबर वाटत. जी मात्रा माशाला मारी, तिच्या कितीतरी पट मात्रा पेशी पचवीत. माशांवर भिस्त असलेल्यांना आयतेच कारण मिळाले: पेशी काही मासा नव्हे!

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो इथला. दोष बऱ्याच अंशी पेशींचा नव्हताच. पेशी ज्या प्लास्टिकच्या थाळीत ठेवत, ती थाळीच तेलकट रसायने शोषून घेई. पोषक द्रवातल्या रक्तद्रवाची प्रथिनेही त्यांना धरून ठेवत. काही रसायने हवेत उडून जात. आपण दहा घातले असे संशोधक लिहीत, आणि पेशीपर्यंत एकही पोचत नसे. वॉटर्लूत बोल्स यांच्याबरोबर काम केलेल्या आणि पुढे स्वित्झर्लंडमधल्या एआवाग या जलसंशोधन संस्थेत गेलेल्या क्रिस्टिन शिर्मर यांच्या गटाने रक्तद्रव वगळून साधा द्रव वापरला आणि खळग्यांत खरोखर किती रसायन उरते ते मोजले. २०१३मध्ये त्यांनी पस्तीस रसायनांचे निकाल मांडले तेव्हा पेशी आणि मासे यांची साक्ष बव्हंशी जुळली.

मग सहा प्रयोगशाळांनी तीच चाचणी करून ताडून पाहिली. २०२१मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने कल्ल्याच्या पेशींच्या चाचणीला अधिकृत मार्गदर्शिकेचे स्थान दिले, क्रमांक २४९. शहाण्णव तासांऐवजी चोवीस तास, आणि मेलेल्या माशांऐवजी तीन रंगद्रव्यांची चमक. ती मंदावली की पेशी खचत असल्याचे कळते. खोलीचे तापमान एकोणीस अंश. आपल्याकडे त्यासाठी वातानुकूलन लागणारच, ही गोष्ट वेगळी!

तरी टाक्या रिकाम्या झालेल्या नाहीत. काही कीटकनाशके थेट मज्जातंतूंवर घाव घालतात. कल्ल्याच्या पेशीला मज्जातंतू नाहीत, तिला ते कळत नाही. ॲलिल अल्कोहोलसारखे रसायन यकृतात बदलून जहाल होते. एकट्या कल्ल्याच्या पेशीजवळ यकृत कुठले? म्हणून पेशींची साक्ष सध्या इतर पुराव्यांबरोबर ठेवून वाचली जाते, आणि जिथे ती अपुरी पडते तिथे अजूनही मासेच टाकीत सोडले जातात.